लिटरमागे उरते किती, हे आधी शिकवा

दूध उत्पादकाला शिकवणाऱ्यांची महाराष्ट्रात वानवा नाही. पशुसंवर्धन विभाग आहे, नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत, उरुळी कांचनची ‘बायफ’ आहे, दूध संघांचे विस्तार कर्मचारी आहेत, ‘उमेद’च्या पशुसखी आहेत. तरीही शिकवलेले गोठ्यापर्यंत पोचत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2003च्या पाहणीत पिकांविषयी माहिती मिळवणारी शेतकरी कुटुंबे सुमारे 40 टक्के निघाली, पशुपालनाविषयी जेमतेम 5 टक्के. त्यानंतर शिबिरे वाढली, पण प्रत्येक संस्था आपापला विषय घेऊन येते. एक मुरघास शिकवते, दुसरी लसीकरण, तिसरी मुक्त गोठा. या सगळ्यानंतर त्या घराला लिटरमागे किती उरू लागले, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. प्रशिक्षणाचा समन्वय म्हणजे तारखा जुळवणे नव्हे. सगळ्यांचे शिकवणे एका गोठ्याच्या ताळेबंदाला बांधणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

तोटा कुठे होतो ते पाहिले की हे पटते. दुधाच्या उत्पादन खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा चारा आणि पशुखाद्याचा असतो. उसाच्या पट्ट्यात जनावरांना महिनोन्महिने वाढे घातले जातात. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि ती उणीव माहीत नसलेला शेतकरी दूध वाढावे म्हणून पेंड वाढवतो. माजाचेही तसेच. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला, तर तेवढे दिवस पुढचे वेत लांबते. भाकड गाईवर दिवसाला 150 रुपये खर्च धरला, तरी एका हुकलेल्या माजाचे 3,150 रुपये होतात. हे कोणत्याही बिलावर दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. शिवाय आहार बिघडला की माज मुका होतो, म्हणजे हे दोन तोटे एकमेकांत गुंतलेले आहेत. ते वेगवेगळ्या शिबिरांत शिकवून सुटणार नाहीत.

वेगळी वाट आपण पाहिलेली आहे. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. गावातल्याच माणसाला तयार करायचे, त्याने गोठ्यात जाऊन दूध मोजायचे, घरी उपलब्ध असलेला चारा नोंदवायचा आणि त्यातूनच कमीत कमी खर्चाचा आहार बसवून द्यायचा, अशी ती पद्धत होती. शिकवणे एका विशिष्ट जनावराबद्दल होते आणि माणूस पुन्हा येणार होता, ही तिची ताकद. प्रत्येक तालुक्याला प्रशिक्षणाचा एक समन्वयक नेमावा आणि त्याने नेमके हेच करावे: ज्यांची गाय दोन महिन्यांत विणार आहे, त्यांनाच त्या आठवड्यात गाभण काळातला आहार शिकवावा. वेळ संध्याकाळच्या धारेनंतरची हवी आणि बोलावणे घरातल्या बाईला हवे. शेण, पाणी, धार बहुतेक घरांत तीच करते. शिबिराला मात्र तिचा नवरा जाऊन बसतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. खरे दुखणे दराचे आहे, मग शेतकऱ्यालाच शिकवत बसणे म्हणजे दोष त्याच्या माथी मारणे नाही का? दर पडला की उत्तम गोठाही तोट्यात जातो, हे खरेच आहे. म्हणूनच 2024च्या सुरुवातीला राज्याला गाईच्या दुधासाठी लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावे लागले. प्रशिक्षण हा योग्य दराला पर्याय नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण एकाच गावात, एकाच दराने दूध घालणाऱ्या दोन घरांच्या हाती वेगवेगळी रक्कम उरते, तो फरक गोठ्यातला असतो. आणि दरासाठी भांडताना लिटरमागच्या खर्चाच्या हजारो खऱ्या नोंदी हातात असल्या, तर उत्पादकांचे म्हणणे अंदाज म्हणून उडवून लावता येणार नाही.

दोन-तीन गाईंचा मालक हिशेब ठेवणार नाही, असेही म्हटले जाते. निम्मा हिशेब तर डेअरीत आहेच: रोज दोन वेळचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दहा दिवसांचे बिल. त्यात पेंड, चारा, औषधे आणि रेतनाची तारीख एवढीच भर घालायची आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. जी डेअरी दूध घेते, तीच बऱ्याचदा पशुखाद्य उधार देते आणि बिलातून पैसे कापून घेते. पेंड कमी करा, हा सल्ला तिच्या माणसाने द्यावा अशी अपेक्षा कशी करायची? म्हणून समन्वयक संकलन केंद्रावर बसला, तरी त्याचा पगार डेअरीकडून येता कामा नये. तो जिल्हा नियोजनाच्या निधीतून द्यावा, आणि निदान तीन वर्षे त्याची बदली करू नये, म्हणजे एका गाईची दोन वेते तरी त्याच्या डोळ्यांसमोर होतील.