उष्णता कोणाच्या दारात?

संगणकाचा प्रोसेसर हवेपेक्षाही गार ठेवण्याची एक युक्ती अधूनमधून क्रांती म्हणून बाजारात मांडली जाते. तिचा ताळेबंद तपासणे हे अर्थशास्त्राचेही काम आहे.

विजेचा प्रवाह दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून गेला, की प्रवाहाच्या दिशेप्रमाणे सांधा गार होतो अथवा तापतो, हे पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने १८३४ साली दाखविले. आज त्याच तत्त्वावरची बिस्मथ टेल्युराइडची पातळ पट्टी प्रोसेसरवर बसवितात आणि तिच्या तापलेल्या बाजूची उष्णता नळ्यांतून फिरणारे पाणी रेडिएटरकडे नेते. इंटेलने २०२० मध्ये 'क्रायो' या नावाने हे तंत्र आणले. २०२३ मध्ये त्याला पूर्णविराम दिला.

हिशेब साधा आहे. प्रोसेसरची उष्णता १५० वॅट आणि पट्टी एक वॅट विजेत पाऊण वॅट उष्णता हलविते असे धरले, तर तेवढ्यासाठी २०० वॅट वीज जाते. ती वीजही अखेर उष्णताच होते. म्हणजे पाण्याच्या माथी ३५० वॅटचा भार! शिवाय मुंबईच्या दमट हवेत गार पृष्ठभागावर दव धरते ते निराळेच.

यावर कोणी आम्हांस विज्ञानविरोधी ठरवील. तो आक्षेप टिकणारा नाही. प्रकाशतंतूंच्या संदेशवहनात लेसरचे तापमान स्थिर राखण्यास हेच तंत्र उत्तम आहे. आमचा विरोध यंत्राला नाही, अर्ध्याच हिशेबाला आहे. गारवा निर्माण होत नसतो. उष्णता एका दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात टाकली जाते. खासगी उद्योग आपला खर्च समाजावर लादतो, हे कॅप यांनी १९५० मध्ये ग्रंथरूपाने मांडले, ते याहून वेगळे काय होते?

मेजावरच्या संगणकात हा अर्धा हिशेब एखाद्या हौशी माणसाच्या वीजबिलापुरताच राहतो. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा केंद्रांत तो सार्वजनिक प्रश्न होतो. नळ्यांच्या बंद चक्रातले पाणी संपत नाही हे खरे. परंतु जेथे बाष्पीभवनाचे मनोरे वापरतात तेथे एका युनिट विजेएवढी उष्णता घालविण्यास सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. ते पाणी कोणत्या धरणाचे, कोणाच्या वाट्याचे? राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने या केंद्रांना वीजशुल्कात माफी दिली. माफी घेणाऱ्याने हिशेब देऊ नये काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक केंद्राने वीज, पाणी आणि बाहेर टाकलेली उष्णता यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. सवलत त्या आकड्यांशी बांधावी. पिण्याच्या पाण्याऐवजी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे सक्तीचे करावे. कार्यकर्त्यांनी हे प्रश्न महापालिकेच्या सभांत आणि ग्रामसभांत नेले पाहिजेत. नफा आत ठेवून उष्णता बाहेर टाकणे याला प्रगती म्हणत नाहीत.