यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा?



कृत्रिम बुद्धिमत्ता ही आता वर्तमानपत्रात वाचून बाजूला ठेवण्याची गोष्ट राहिलेली नाही. रेल्वे तिकिटाबाबत प्रवाशाने विचारलेल्या प्रश्नाला २०१८ पासून ‘आस्क दिशा’ उत्तर देत आहे. ईशान्य सीमा रेल्वेत रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तींच्या पावलांची कंपने ओळखली जातात आणि ‘गजराज’ नावाची यंत्रणा गाडी येण्याआधी इशारा देते. आणि घरी आपली मुले निबंधापासून गणितापर्यंत सारे मोबाईललाच विचारतात.

याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. मुक्या जनावराचा जीव वाचत असेल आणि गाडी चालवणाऱ्या साथीवरचे संकट टळत असेल, तर अशा यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्रामुळे जो वेळ वाचतो तो कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्याच खात्यांतले. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते पुढे गिरणीत गेले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. वाफेच्या यंत्राला थकवा नव्हता, म्हणून त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसालाही थकवा नाही असे मालक धरून चालले होते. त्याविरुद्ध झगडून १० जून १८९० रोजी कामगारांनी रविवारची सुटी मिळवली. ती सुटी केवळ अंग टेकण्यासाठी नव्हती. बायको-मुलांत बसावे, नातेवाइकांकडे जावे, चार माणसांत मिसळून समाजाचे काम करावे, यासाठी ती होती. माणसाला यंत्राच्या पंक्तीतून उठवून घरच्या पंक्तीत बसवणारा तो लढा होता.

आज आपली स्थिती काय आहे? रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३३ प्रमाणे रनिंग स्टाफला महिन्यातून किमान चार वेळा सलग ३० तासांची, किंवा किमान पाच वेळा पूर्ण रात्रीसह सलग २२ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे. कायदा कागदावर आहे. रिकाम्या जागा न भरल्याने ती विश्रांती कशी कातरली जाते, हे लॉबीत सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्रू बुकिंग संगणकावर होते. गाडीचा उशीर संगणक मिनिटामिनिटाने मोजतो. मग साथीची रेस्ट पुरी झाली की नाही, सलग किती रात्री तो घराबाहेर आहे, हेही तोच संगणक मोजू शकतो. उशिराचा हिशेब मागितला जातो आणि विश्रांतीचा मागितला जात नाही, हा दोष यंत्राचा नव्हे, यंत्राला काम सांगणाऱ्यांचा आहे.

ज्या घरात आई किंवा वडील आठवड्याच्या चार रात्री ड्युटीवर असतात, त्या घरातल्या मुलाच्या शंकेला मोबाईल उत्तर देतो. ते उत्तर बरोबरही असेल. पण शाळेत काहीतरी बिनसले आहे म्हणून पोराने ताट अर्धे टाकले, हे मोबाईलला कळत नाही. ते कळायला माणूस समोर बसलेला लागतो. इथे थोडे कडू बोलणेही भाग आहे. लढून मिळवलेली सुटी हातातल्या पडद्याकडे बघण्यात घालवली, तर त्याबद्दल व्यवस्थापनाला जाब विचारता येणार नाही.

दुसरी गोष्ट माणसाच्या कुवतीची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले आणि अपुरे पत्ते, या सॉर्टिंगच्या रोजच्या अडचणीतून ही व्यवस्था निघाली. यंत्रालाही वाचता येईल अशी खूण माणसाने शोधली. आजही पिनकोड चुकला तरी गावाच्या नावावरून पत्र मार्गाला लावणारा सॉर्टर आहे, म्हातारे आजोबा आता लेकीकडे राहतात हे जाणणारा पोस्टमन आहे, रुळावरच्या हातोड्याच्या आवाजावरून दोष ओळखणारा की-मॅन आहे. यंत्र शिकते ते अशाच कामाच्या नोंदींवरून. मग ज्यांच्या अनुभवावर यंत्र शहाणे होते, त्यांनाच अडाणी ठरवून कंत्राटी माणूस आणायचा, हा कुठला न्याय?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नवी यंत्रणा बसवण्याआधी संघटनेशी चर्चा झाली पाहिजे. तिचे शिक्षण कामाच्या वेळेत आणि कामगाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे. यंत्राने काढलेल्या रोस्टरखाली किंवा ठपक्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी, कारण यंत्रापुढे अपील करता येत नाही. आणि यंत्रामुळे काम कमी झाले, तर पहिला हिस्सा विश्रांतीचा आणि रजेचा असावा. जागा रद्द करण्याचा नव्हे.

भुसावळ, इटारसी, सोलापूर, सिकंदराबाद, जिथे जिथे आपले मराठी साथी काम करतात, तिथल्या शाखांनी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. गेल्या तीन महिन्यांत कोणाला किती पूर्ण रेस्ट मिळाली आणि किती रजा नाकारल्या गेल्या, याची साधी वही प्रत्येक शाखेने ठेवावी. सभेला घरच्या मंडळींनाही बोलवावे; रोस्टरचा ताप त्यांनाही भोगावा लागतो. वाटाघाटीच्या टेबलावर भाषणापेक्षा त्या वहीचे वजन अधिक पडेल.