फुकटचे जेवण आणि आहाराचा काल

दिवाळीच्या सुटीत परभणी जिल्ह्यातील चिकित्सालयांत पुण्या-मुंबईहून गावी आलेले तरुण रुग्ण हटकून दिसतात. अम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. सोबतचे वडील निदानही करूनच आणतात : "डॉक्टरसाहेब, कंपनीतले फुकटचे पिझ्झे बाधतात याला." त्यावर मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तरी काय होते? चहा आणि भजीच ना!" बोलणे दोघांचेही खोटे नाही, परंतु दोघांची दृष्टी पदार्थावरच खिळलेली असते. वैद्याने तेथेच थांबू नये, असे मला वाटते.

वडिलांच्या पिढीला शासकीय नोकरीने जे दिले, ते मुख्यतः उद्यासाठी होते : निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी. दुपारचे जेवण ज्याचे त्याने आणायचे. डब्यात ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सर्वसाधारणपणे उरली नाही. खाजगी कंपन्यांतील तरुणांना तर बहुतेक सवलती आजच उपभोगायच्या असतात : नाश्ता, रात्रीचे भोजन, घरी सोडणारी गाडी. त्यांनी त्या घ्याव्यात, यात गैर काहीच नाही. ज्या घरच्या डब्याचे आपण गोडवे गातो, तो पहाटे उठून कोणीतरी गृहिणी करीत असे. आज पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. उपाहारगृह ही त्यांची चैन नव्हे, गरज आहे.

प्रश्न वेगळाच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पिता-पुत्रांचा वाद पहिल्या तीन-चारांतच संपतो. रोग मात्र पुष्कळदा काल आणि उपयोगसंस्था यांच्या बिघाडातून उद्भवतो. परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार काम चालते, तेथे रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यालाच भोजन मोफत मिळते. मधल्या वेळेत भूक नसताना बिस्किटे आणि कॉफी चालूच असते. हे अध्यशन झाले, विषमाशन झाले आणि त्यावर रात्रिजागरण. अशा वेळी ताटात साजूक तूप-वरण-भात वाढला, तरी अग्नी त्याचे काय करणार? थांबण्याच्या मोबदल्यात मिळणारे जेवण ही सवलत नव्हे. ती विश्रांतीची किंमत आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ ने या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र केला होता. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कलम ४६ मध्ये उपाहारगृहाची तरतूद होती आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधित्वही अभिप्रेत होते. कलम ५५ ने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत उपाहारगृहासाठीची मर्यादा १०० कामगारांवर आली. अन्न आणि अवकाश ही जोडी आहे, हे कायद्याला कळले होते. आजच्या सवलतींनी ती जोडी फोडली.

वैद्यबंधूंनी यासाठी दोन गोष्टी कराव्यात. रुग्णपत्रकात 'काय खाता?' या प्रश्नाखाली 'केव्हा खाता, आणि ती वेळ कोण ठरवते?' हे दोन प्रश्न घालावेत. उत्तर 'कंपनी' असे आले, तर केवळ पथ्याची यादी देणे अपुरे आहे. दुसरे असे की, ज्या आस्थापनांशी आपला परिचय आहे, तेथील उपाहारगृहाच्या व्यवस्थापनाला भोजनाची वेळ अलीकडे आणण्याचा आणि ओकसात्म्याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा. आपल्याच कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. भाकरीवर वाढलेल्या मराठवाड्यातील मुलाला कार्यालयात भाकरी मिळावी, ही अपेक्षा जुनाट नाही. परंतु ती त्याला सायंकाळी वेळेवर मिळाली पाहिजे; रात्री अकराला मिळालेल्या भाकरीने त्याचे अम्लपित्त शमणार नाही.