कोट घातला म्हणून लाठी चुकली नाही

काळ्या जाझ वादकांनी 'आयव्ही' पोशाख घालून गोऱ्यांची नक्कल केली, असं म्हणणाऱ्यांनी इतिहास बघावा. बटन-डाउन कॉलर, खांद्यांत पॅडिंग नसलेलं जॅकेट हा प्रिन्स्टन-हार्वर्डच्या गोऱ्या पोरांचा वेश. त्या प्रिन्स्टनने तर १९४० च्या दशकापर्यंत काळ्यांना दारच बंद ठेवलं होतं. माइल्स डेव्हिस १९५८ च्या 'माइलस्टोन्स'च्या मुखपृष्ठावर हिरव्या शर्टात बसलाय, न हसता, रोखून बघत. काळा कलावंत दात काढून हसणाराच हवा होता ना? मग याला नक्कल कशी म्हणायची? ऑगस्ट १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. आत कार्यक्रम त्याचाच होता. जॅकेट रक्ताने माखलं. आपल्याकडे बाबासाहेबांच्या सुटावर नाक मुरडणाऱ्यांनी तो फोटो जरूर पाहावा.