एआयने अर्ज लिहिणं सोपं केलं, मग अमेरिकेने ६ ची मर्यादा का घातली?

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या ओळखीच्या कुणाला विचारा, 'खर्च कोण भागवतं?' बऱ्याचदा उत्तर येतं, 'गाइडच्या ग्रँटमधून.' ही ग्रँट अनेकदा एनआयएच किंवा एनएसएफ या सरकारी संस्थांची असते. ती मागण्याच्या पद्धतीत एआय शिरलंय, म्हणून नियम बदलतायत.

नवा नियम काय?

एनआयएच ही आरोग्य संशोधनाला पैसा देणारी संस्था. २५ सप्टेंबर २०२५ पासून तिथे एका मुख्य संशोधकाला वर्षाला जास्तीत जास्त ६ अर्ज करता येतात. शिवाय, बराचसा भाग एआयने तयार केलेला अर्ज 'मूळ काम' धरला जात नाही. कारण साधं आहे: काहींनी एकाच फेरीत ४० हून जास्त अर्ज पाठवले होते!

अडचण नेमकी कुठे?

अर्ज प्रोफेसर लिहितात, पण अधिकृतपणे तो विद्यापीठ सादर करतं. एनआयएचच्या आर०१ या नेहमीच्या ग्रँटसाठी संशोधनाची योजना १२ पानांत बसवावी लागते. सोबत बजेट आणि टीमची माहिती. विद्यापीठाचं ऑफिस सगळं तपासतं, मग अधिकृत अधिकारी सबमिट करतो. डेडलाइन असते स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ ची. पुढे सिस्टिम आपोआप तपासणी करते: 'एरर' आला तर अर्ज अडकतो, 'वॉर्निंग' असेल तर पुढे जातो.

इथपर्यंतचं काम मशीन करू शकतं. पण संशोधनात दम आहे का, हे दुसरे शास्त्रज्ञ वाचून ठरवतात. गोपनीयतेमुळे त्यांना या कामात जनरेटिव्ह एआय वापरायला २०२३ पासून बंदी आहे. म्हणजे लिहिण्याचा वेग वाढला, वाचण्याचा तेवढाच राहिला.

आम्ही सर्व्हरवर रिक्वेस्टचा भडिमार झाला की रेट लिमिट लावतो. हे तेच आहे. वर्षाला सहाहून जास्त अर्ज करणारे मुळात थोडेच, त्यामुळे ही मर्यादा मला पटते.

मला खटकतं ते वेगळंच

'बराचसा' म्हणजे किती, याचा आकडा नियमात नाही. थोडीफार मदत चालते, पण एआयचा मजकूर ओळखायला तंत्रज्ञान वापरू, असंही एनआयएच म्हणते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले अनेक निबंध त्यांनी एआयचे ठरवले होते. मराठी माध्यमातून शिकून तिकडे गेलेल्या संशोधकाला हा धोका जास्त आहे. ग्रँट मिळाल्यानंतर नियमभंग उघड झाला तर ती रद्दही होऊ शकते, आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचा पगार चालतो.

माझ्या मते डिटेक्टरचा निकाल हा पुरावा नव्हे, फार तर 'वॉर्निंग'. 'एरर' म्हणायचं की नाही, हे माणसानेच ठरवावं.

तुम्ही उद्या परदेशी अर्ज करणार असाल तर आत्तापासून एक सवय लावा: गूगल डॉक्समध्ये लिहा आणि व्हर्जन हिस्ट्री जपून ठेवा. कुणी शंका घेतली, तर तुमचा कच्चा खर्डाच तुमच्या बाजूने बोलेल.