फॉर्म बी सुस्थितीत आहे, हूटर नाही

प्रति,
मुख्य अग्निशमन अधिकारी, महानगरपालिका.
विषय : उंच इमारतींतील धूरसूचक यंत्रणा. आधीचे अर्ज विभागाच्या दप्तरी आहेतच.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत सादर करावा लागतो. सोसायट्या तो सादर करतात, विभाग पोच देतो. यंत्रणा वाजते की नाही, हा प्रश्न या व्यवहारात कुठेच येत नाही.

स्मोक डिटेक्टरच्या आत एक अंधारा कप्पा असतो. धूर शिरला की आतला प्रकाश विखुरून संवेदकावर पडतो आणि इमारतीच्या अलार्म पॅनलला इशारा जातो. धूळ, बारीक झुरळे किंवा पावसाळी दमट हवा शिरली तरी तेच घडते. मग रात्री तीनला हूटर वाजतो, रहिवासी वॉचमनवर खेकसतात आणि वॉचमन पॅनलचा आवाज बंद करतो. तो परत सुरू करणे कोणाचेच काम नसते. रंगकामात डिटेक्टरवर चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या पुढच्या रंगकामापर्यंत तशाच राहतात. पॅनलच्या बॅटऱ्या काही वर्षांत निकामी होतात. आगीत वीज गेली की पॅनलही गेले.

तरीही शेरा पडतो : 'सुस्थितीत'. वीस मजले, मजल्यावर चार डिटेक्टर धरले तर ८० होतात. शिडी लावून, चाचणीचा धूर फवारून, हूटर ऐकून पुढे जायला प्रत्येकी ३ मिनिटे लागली तरी २४० मिनिटे, म्हणजे ४ तास. हेच काम २० मिनिटांत उरकले, तर एका डिटेक्टरच्या वाट्याला १५ सेकंद येतात, चढ-उतार धरून. एवढ्या चपळाईबद्दल एजन्सींचा सत्कार व्हायला हवा. विभागाला मात्र त्यात नवल वाटत नाही.

खरे-खोटे कळणे अवघडही नाही. अ‍ॅड्रेसेबल पॅनल प्रत्येक इशारा कोणत्या डिटेक्टरचा, हे तारीख-वेळेसह नोंदवते. ८० डिटेक्टर तपासले असतील तर ८० नोंदी सापडतील. नसतील तर नाही. ही यादी फॉर्म बीला जोडायला लावणारे परिपत्रक एका परिच्छेदात मावते. ते निघत नाही, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

फ्लॅटमधल्या बॅटरीवरच्या धुराच्या अलार्मकडे कायदा फिरकतही नाही. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे, टिक-टिक सुरू होताच बॅटरी बदलावी आणि उत्पादनापासून १० वर्षांनी अलार्मच बदलावा, एवढीच त्याची निगा. अमेरिकेत घरगुती आगींतल्या दर पाचपैकी सुमारे तीन मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा बंद अलार्मच्या घरांत होतात.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट याहून वाईट. बंद बाथरूममधला गॅस गिझर तो वायू तयार करतो. एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो, याला वास नाही. स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म किंवा धुराचा अलार्म तो ओळखत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म घ्यावा लागतो आणि त्याचा संवेदकही ठरावीक वर्षांनी संपतो.

मागण्या दोन. येत्या जुलैपासून पॅनलच्या नोंदींशिवाय फॉर्म बी स्वीकारू नये. नोंदी आणि शेरा जुळले नाहीत तर एजन्सीचा परवाना रद्द करण्याची शिफारस विभागाने ३० दिवसांत करावी आणि तिची प्रत सोसायटीच्या सूचना फलकावर लावावी.