तिथीची पाऊणपट



तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्यावर तारखेच्या खाली बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते. ती तुम्ही कधी वाचता का? बहुतेक नाही! गणपती कधी, दिवाळी कधी, एवढं बघितलं की आपलं काम झालं.

आमच्या हेदवीत मात्र तिथी रोज बघतात. आमचं हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात आहे. नकाशा उघडून बघा. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची खाडी. तीन बाजूंनी पाणी! बेट नाही, पण बेटापेक्षा फार वेगळंही नाही. आता दोन्ही खाड्यांवर फेरीबोटी आहेत, मोटारसुद्धा बोटीत चढून पलीकडे जाते. पण पाण्याशी जुळवून घ्यायची सवय गावाला फार जुनी आहे.

ती सवय मला कशी लागली, ते आज सांगतो.

मी सहावीत होतो. दिवाळीचा पाडवा होता. फराळ झाला आणि मी नि माझा मित्र अकराच्या सुमारास समुद्रावर पळालो. आमच्याकडे किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या बाजूला काळ्या कातळात एक लांब, अरुंद भेग आहे. तिला म्हणतात ‘बामणघळ’. हजारो वर्षं लाटा आपटून आपटून कातळ झिजला आणि ही घळ झाली. ओहोटीला तिथं बघण्यासारखं काही नसतं. पण भरतीची लाट त्या चिंचोळ्या जागेत घुसली की तिला पुढे जायला वाट मिळत नाही. मग सगळं पाणी धाडकन वर उसळतं, माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच!

आम्ही गेलो तेव्हा कडेचा कातळ कोरडा होता. आम्ही पार पुढे जाऊन खेकडे शोधत बसलो. वेळ कसा गेला कळलं नाही. एकदम पायाखालून तोफ उडावी तसा आवाज झाला आणि पाण्याची भिंतच अंगावर आली. मी कातळाला मिठी मारली, म्हणून वाचलो. माझी एक चप्पल मात्र त्या घळीनं नेली ती नेलीच.

घरी आल्यावर वाटलं, आता मार बसणार. आजी शांतपणे म्हणाली, “आज तिथी कोणती?”

“प्रतिपदा.”

“काल अवस होती. म्हणजे आज उधाण. आणि भरती पाऊण वाजता. तुम्ही अकराला गेलात म्हणजे पाणी चढत असताना गेलात. एवढं साधं गणित येत नाही नि म्हणे सहावीत!”

आमची आजी एक दिवसही शाळेत गेली नव्हती, बरं का! पण तिचं गणित असं होतं: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. प्रतिपदा म्हणजे १. त्याची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीसुद्धा. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. भरती तीनला. अष्टमीला ६ वाजता. अनंत चतुर्दशीला १४ ची पाऊणपट साडेदहा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या. शुक्लपक्ष असो वा कृष्णपक्ष, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का बसतो.

हे गणित जुळतं कसं? सांगा पाहू! चंद्राकडे बघा, म्हणजे उत्तर सापडेल. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीनं वर येतं. म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. आजीच्या हिशोबात नि शास्त्रज्ञांच्या हिशोबात फरक किती? जेमतेम पाच मिनिटांचा! अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी फार चढतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ वाटली जाते आणि पाणी बेताचंच चढतं. त्याला म्हणतात भांग.

या गणितावर आमचं अर्धं गाव चालतं. होडी कधी लोटायची, जाळं कधी टाकायचं, हे तिथीवरून ठरतं. ओहोटीला बायका कोयती आणि टोपली घेऊन खडकांवर कालवं काढायला जातात. पाणी परतायच्या आत टोपली भरली पाहिजे. उशीर झाला तर रात्रीच्या जेवणात कालवणच नाही! पाखरांनाही वेळ बरोबर कळते. थंडीत लांबून आलेले कुरव आणि तुतवार पाणी मागे सरलं की ओल्या वाळूवर हजर. अंधार पडला की कोल्हे येतात, खेकडे खायला. सकाळी त्यांच्या पावलांची रांग वाळूत दिसते. आणि सड्यावर चरायला गेलेल्या आमच्या छोट्या चणीच्या गाई? त्या घड्याळ बघत नाहीत, पण ऊन उतरलं की आपल्या आपण गोठ्याची वाट धरतात. या कोकणी गाईंना ‘कोकण कपिला’ या नावानं २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. धो धो पाऊस आणि उभे चढ, दोन्ही त्या सहज सोसतात.

म्हणजे बघा, आभाळ पाण्याला सांगतं, पाणी प्राण्यांना सांगतं आणि माणूस त्या सगळ्यांकडे बघून शिकतो. पण कधी कधी माणूसच गडबड करतो. माझीच गोष्ट सांगतो. ही चप्पल हरवण्याइतकी हसण्यासारखी नाही.

तुम्ही देवळात जाता तेव्हा गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं ना? आमच्या किनाऱ्यांवर खरीखुरी समुद्री कासवं येतात. त्यांचं नाव ऑलिव्ह रिडले. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत रात्री मादी वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. ती परत पिल्लांकडे बघायला येत नाही. उबवायचं काम वाळूच करते. वाळू गरम असेल तर बहुतेक पिल्लं माद्या होतात, थंड असेल तर नर! साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीला मी पहाटे आमच्या तालुक्यातल्या एका लहानशा किनाऱ्यावर होतो. अजून अंधार होता. पायाशी वाळू हलल्यासारखी वाटली. बघतो तर पिल्लं! मुठीएवढीसुद्धा नाहीत. पंधरा-वीस तरी असतील. मला इतका आनंद झाला, की मी खिशातली बॅटरी काढली आणि झोत टाकला.

आणि काय सांगू! समुद्राकडे निघालेली पिल्लं थबकली. एकेक करून वळली आणि माझ्याकडे, जमिनीकडे यायला लागली.

तेवढ्यात आमचे एक शेजारी जाळं खांद्यावर घेऊन आले. लांबूनच ओरडले, “बॅटरी विझवा आधी! मारताय काय त्यांना?”

मी ती चटकन विझवली. आम्ही दोघं बाजूला सरून गप्प उभे राहिलो. हळूहळू पिल्लं पुन्हा वळली आणि फेसात शिरली. सगळी पोचली का? नाही. दोन पिल्लं झुडपांकडे भरकटली होती. उजाडल्यावर आम्हाला फक्त त्यांच्या रेघा दिसल्या आणि शेजारी कावळे. माझ्या एका झोतानं ते झालं.

असं का होतं? अंडं फोडून बाहेर आलेल्या पिल्लाला कुणी वाट दाखवत नाही. रात्री झाडीकडची बाजू काळी असते आणि समुद्राकडची बाजू चंद्रताऱ्यांच्या उजेडानं जरा फिकी. जिकडे खाली क्षितिजाजवळ उजेड, तिकडे समुद्र, एवढंच पिल्लाला उपजत ठाऊक असतं. लाखो वर्षं हा हिशोब चुकला नाही. आता किनाऱ्यालगत हॉटेलांचे दिवे, मोटारींचे दिवे आणि माझ्यासारख्यांच्या बॅटऱ्या आल्या. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. त्यातली दोन मी कमी केली.

पण माणूस सुधारतोही. पूर्वी कोकणात ही अंडी सर्रास खाल्ली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२ मध्ये वेळास गावात कासवं वाचवायचं काम सुरू केलं. आता गुहागर, तवसाळ अशा बऱ्याच किनाऱ्यांवर वनखातं आणि गावातले ‘कासवमित्र’ अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन ठेवतात, म्हणजे कुत्री, कोल्हे ती उकरत नाहीत. २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी तिला १८ मार्च २०२१ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती! म्हणजे ही बाई बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात आली. ना कॅलेंडर, ना नकाशा. आणि इतक्या लांबून येऊन तिनं आमच्या वाळूवर विश्वास टाकला. तो आपण राखायला नको का?

आता तुमच्यासाठी काम. एक वही करा. पंधरा दिवस रोज तिथी, चंद्र कुठं आणि किती वाजता दिसला, आणि पाऊणपटीनं काढलेली भरतीची वेळ लिहा. समुद्राजवळ राहत असाल तर आईबाबांबरोबर किनाऱ्यावर जाऊन वेळ पडताळून पाहा. घाटावर राहणाऱ्यांनी चंद्र तरी जरूर बघावा. तो सगळ्यांचाच आहे. आणि सुटीत कोकणात आलात, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भरतीच्या वेळी बामणघळीच्या कातळावर जायचं नाही, लांबूनच बघायचं. आणि रात्री वाळूवर बॅटरी किंवा मोबाईलचा दिवा लावायचा नाही. दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग समुद्राकडची बाजू तुम्हालाही फिकी दिसेल, त्या पिल्लांना दिसते तशी.